उपाशी टाकीच्या गावी

जळगावला निघाले तेव्हा चिपळुणात ज्याने त्याने मला उन्हाची भीती घातली. टोपी घे, कांदा जवळ ठेव, इथपर्यंत सल्ले झाले. फेब्रुवारी महिना आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. सकाळी जळगाव स्टेशनवर उतरले तर रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून उभे! माझ्या बॅगेत टोप्या दोन, शाल एकही नाही. मला न्यायला आलेल्या सुजाताने स्वतःचा स्वेटर काढून मला घातला आणि आपण स्कूटरवर कुडकुडत पुढे बसली. वसतिगृहात असतानाही ती अशीच होती.

सुजाता जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मी तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझं जिवाणूंचं ज्ञान दह्याच्या विरजणापाशी संपतं. म्हणून तिने फोनवर "ये, तुला जिवाणूंनी केलेलं प्लास्टिक दाखवते" म्हटलं तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करतेय.

पिंप्राळा, रविवार

सुजाताचं घर पिंप्राळ्याला. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काचेचं कपाट आहे. कोणाच्या घरी अशा कपाटात ट्रॉफ्या असतात, कोणाच्या घरी बाहुल्या. हिच्या कपाटात पिशव्यांचे फाटके तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली.

"हे काय प्रदर्शन मांडलंयस?" मी विचारलं.

"माझं अपयश आहे. सहा वर्षांचं," ती चहा गाळत म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

केळीचा घड बाहेर पडला, म्हणजे तिकडच्या भाषेत केळ निसवली, की थंडी, धूळ आणि पाखरांपासून जपायला त्याला प्लास्टिकची पिशवी घालतात. घड उतरला की पिशवीचं काम संपतं आणि ती पडते तिथेच बांधावर. नांगराला गुंतते, गुरांच्या पोटात जाते. सुजाताला अशी पिशवी करायची होती की जी काम झाल्यावर मातीतल्या मातीत जिरून जाईल. जिवाणू असं प्लास्टिक करतात. मागच्या वर्षी तिने रावेरला वीस पिशव्या नेल्या, आणि घडावर चढवता चढवताच त्या भाजलेल्या पापडासारख्या तडकल्या. सगळे हसले. एकट्या प्रमिलाअक्का हसल्या नाहीत. अक्का म्हणजे रावेरकडच्या केळीवाल्या गटाच्या प्रमुख. त्यांनी दोन अटी सांगितल्या. घड उतरेपर्यंत पिशवी फाटायची नाही, आणि मातीत गेल्यावर उरायची नाही. "पुढच्या निसवणीला शंभर आणा. एकदाच बरं का," असं म्हणून त्या कामाला लागल्या होत्या.

ती निसवण आता आली होती. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत पिशव्या चढल्या नाहीत तर घड मोठे होणार आणि अक्कांच्या "एकदाच"चा दरवाजा बंद होणार. सुजाता हे सगळं हसत हसत सांगत होती, पण तिच्या कपातला चहा तसाच गार झाला.

दुपारी आम्ही नशिराबादला गेलो. हमरस्त्यापासून आत एका बंद पडलेल्या दूध डेअरीची शेड तिने भाड्याने घेतली आहे. दूध थंड करायची स्टीलची मोठी टाकी, तिला जोडलेला हवेचा पंप आणि समोर काचेची छोटी खिडकी. टाकीशेजारी तपकिरी, चिकट लगद्याचा पिंप. त्याचा वास म्हणजे जुनं तेल आणि कपडे धुण्याचा साबण एका डब्यात महिनाभर कोंडून ठेवल्यासारखा. गिरणीत तेल शुद्ध करताना जे स्निग्ध आणि आंबट टाकाऊ मागे उरतं ते हे. शास्त्रात त्याला स्निग्धाम्लं म्हणायचं, गिरणीत ॲसिड ऑइल. सुजाताच्या जिवाणूंचं हेच जेवण.

पिंपाशेजारी खाटेवर आबा बसले होते. आबा शिरपूरकडचे. तापीकाठी आयुष्यभर केळी केली, आता शेत मुलांकडे देऊन लेकीकडे नशिराबादला राहतात. टाकीचं तापमान बघणं, पंप चालू ठेवणं आणि वेळेवर लगदा सोडणं हे त्यांचं काम. मला बघताच त्यांनी पहिला प्रश्न केला.

"बाई, जेवन व्हयनं का?"

"हो, झालं."

"मंग थोडं आखो," म्हणत त्यांनी डबा उघडलाही. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, तो नको म्हणतो, पुन्हा विचारतात आणि मग वाढतात. इकडे विचारणं नुसतं नावापुरतं असतं. मी नको म्हणेपर्यंत कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्या हातात आला होता. ज्वारी-उडदाची ती काळपट भाकरी मला इतकी आवडली की नको म्हटल्याची मला लाज वाटली.

सुजाताने मला टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. इवलेसे जीव, आणि प्रत्येकाच्या पोटात चमकणारे ठिपके. "ते ठिपके म्हणजे प्लास्टिक," ती म्हणाली. "आधी त्यांना सगळं खायला द्यायचं, म्हणजे ते वाढतात. मग नत्र तोडायचं आणि नुसती स्निग्धाम्लं द्यायची. वाढता येत नाही म्हटल्यावर ते घाबरतात आणि आलेलं सगळं पोटात साठवून ठेवतात. भरल्या ताटावर उपाशी ठेवायचं म्हण ना."

"दुष्ट आहेस," मी म्हटलं. आबा मात्र हसले नाहीत. ते टाकीच्या काचेकडे बघत बसले होते.

नशिराबाद, सोमवार

सकाळी शेडवर पोचलो. सुजाताने थेंब घेतला, डोळा लावला आणि बराच वेळ वरच केला नाही. मग मला म्हणाली, "तू बघ."

जीव कालच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. अगदी जत्रा भरली होती. पण पोटं रिकामी. एखाद्याच पोटात एखादा पुसट ठिपका.

"आबा," सुजाताने अगदी हळू विचारलं, "टाकीत काही घातलंत का?"

आबांनी लपवलं नाही. "काल सांजले पांढरी फट पडी गयथी ना टाकी. माले देखवनं नही. मूठ दोन मूठ युरिया टाकी दिधा."

आता यातली गंमत, म्हणजे त्या वेळी आमच्या दृष्टीने अजिबात गंमत नसलेली गोष्ट, अशी की जिवाणूंच्या पोटात प्लास्टिक भरलं की टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. पांढरं झालं म्हणजे पीक आलं. आणि ज्या माणसाने जन्मभर केळीच्या पानाचा रंग उतरला की ठिबकमधून युरिया सोडला, त्याला पांढरं दिसलं म्हणजे पीक आजारी. आबांनी आलेलं पीक आजारी समजून त्याला औषध दिलं. नत्र मिळताच जिवाणूंनी पोटातलं साठवलेलं सगळं खाऊन टाकलं आणि ते भराभर वाढत सुटले.

मी आबांना झापलं. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज आहे, त्या आवाजात झापलं. सहा वर्षांची मेहनत, मंगळवार, अक्का, सगळं बोलून घेतलं. ही माझी खोड आहे. दुसऱ्याच्या घरातली भांडणंही मी आपली समजून भांडते. आबा खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "उपाशी जीव शेतस त्या, बाई. मी कसा देखत बसू?"

मला एकदम आदल्या दिवशीची भाकरी आठवली.

सुजाता एवढा वेळ पायरीवर बसून वहीत काहीतरी मांडत होती. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पार बदललेला होता. "नलू, हे बघ. जीव आता पहिल्यापेक्षा तिप्पट झालेत. युरिया आज ना उद्या संपेल. तो संपला की हे सगळे पुन्हा घाबरतील आणि तिप्पट पोटं साठवायला लागतील!"

"मग अडलं कुठे?"

"खायला घालायचं काय?" तिने पिंप वाकवून दाखवला. तळाशी जेमतेम लगदा होता. "आणखी दोन पिंप हवेत. आजच. आणि ते धुळ्याला आहेत."

धुळे, त्याच दिवशी

आबांच्या जावयाचा पिकअप घेऊन आम्ही तिघं निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कपाशी वेचून झालेली काळी रानं दोन्ही बाजूंना आणि मध्येच हिरव्यागार हरभऱ्याची पट्टी. कोकणात आम्हाला चार घरांपलीकडचं दिसत नाही, मध्ये एक टेकडी किंवा फणस येतो. इथे बघावं तिथवर जमीन. मला पहिल्यांदा ते उजाड वाटलं, मग छाती भरून मोकळं वाटायला लागलं.

धुळ्याची ती तेलगिरणी ज्यांची, त्यांना सगळे नाना म्हणतात. गोरेपान, गोल, कपाळावर चष्मा. सुजाताने कॉलेजचं पत्र पुढे केलं आणि व्यवस्थित प्रमाण मराठीत सगळा प्रकल्प समजावला. नानांनी तो तितक्याच व्यवस्थित ऐकला आणि नाही म्हणाले.

"मॅडम, या महिन्याचा बठ्ठा, सगळाच्या सगळा माल साबणवाल्याला बोललेला आहे. शब्द दिलाय. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात आम्हाला पिंप काय करायचे होते? सुजाता आणखी काही सांगू लागली, पण नानांची मान आडवीच हलत राहिली. मी तोंड उघडणार एवढ्यात आबा पुढे झाले. वाटभर न बोललेला तो माणूस टोपी काढून नानांसमोर उभा राहिला.

"नाना, बठ्ठी चूक मन्ही शे. बाईनी नही. चाळीस वरीस मी केळी कयी. पान पिव्वं दिसनं का युरिया, ही मन्हा हातनी सवय शे. टाकी पांढरी दिसनी, मी युरिया टाकी दिधा. बाईनी सहा वरीसनी मेहनत मी एक मूठमा घालवी."

गिरणीतले हमाल कामं थांबवून ऐकू लागले. इतक्या लोकांसमोर म्हाताऱ्या माणसाने आपली चूक अशी उघडी करणं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. सकाळच्या माझ्या आवाजाची मला तिथे, त्या शेंगदाण्याच्या धुळीत, मनापासून लाज वाटली.

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आबांकडे नीट पाहिलं. आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. "आबा, टाकीले बी बाग समजनात का?" म्हणून ते असे हसले की हमालही हसायला लागले, शेवटी आबाही. हसून झाल्यावर डोळे पुसत नाना आपल्या माणसाला म्हणाले, "दोन पिंप चढव गाडीत. साबणवाल्याला मी सांगतो. दोन दिवस उशिरा आंघोळ केली तर कोणी मरत नाही."

पण जेवल्याशिवाय जायचं नाही, ही त्यांची अट. गिरणीच्या मागे कपाशीच्या काड्यांच्या जाळावर लांबडी, हिरवी वांगी भाजत होती. त्यांची सालं काढून हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी भांड्यात मुसळाने ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून सढळ हाताने तेल. आम्ही भरतात दही घालतो आणि त्यालाच भरीत म्हणतो. ते चुकीचं नाही, पण यापुढे चिपळुणात मी त्याला भरीत म्हणताना जरा चाचरेन. पुऱ्या किती खाल्ल्या ते सुजाताला विचारू नका.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे गाडीने गचका खाल्ला आणि पिंपाचं झाकण निघालं. ते धरायला मी केबिनच्या मागच्या खिडकीतून हात घातला, तर ओंजळभर ॲसिड ऑइल माझ्या साडीवर. ती साडी मी चार वेळा धुतली आहे. अजूनही कपाट उघडलं की धुळ्याची आठवण येते.

पुन्हा नशिराबाद

पुढचे दोन दिवस आम्ही टाकीच्या काचेशी बसून काढले. लगदा कोमट करून थोडा थोडा सोडायचा, थेंब बघायचा, वहीत लिहायचं. मंगळवारी काही नाही. बुधवारी सकाळीही पाणी पिवळट मळकट. सुजाता नखं खात होती.

दुपारी आबांनी हाक मारली. काचेमागचं पाणी दुधासारखं झालं होतं. सुजाताने थेंब ठेवला, डोळा लावला आणि तिथूनच ओरडली. मी बघितलं तर प्रत्येक जिवाची कूस ठिपक्यांनी तट्ट फुगलेली, काही तर इतके भरलेले की दुसरं काही दिसेना. आम्ही दोघी पन्नाशी उलटलेल्या बायका त्या शेडमध्ये हात धरून फुगडी घालणार होतो. जागा नव्हती म्हणून राहिलं.

आबा दोन्ही हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभे होते. "ऱ्हा जरा उपाशी," ते काचेला सांगत होते. "आते मी काही देवाव नही." सांगताना त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग जिवाणू गाळून काढले, ब्लीचच्या पाण्यात त्यांची शरीरं विरघळवली आणि आतलं प्लास्टिक तेवढं तळाला बसवलं. ते धुऊन धुऊन पसरून वाळवलं. शनिवारपर्यंत आमच्याकडे पांढऱ्या भुकटीच्या गोण्या होत्या. वास काही नाही. हातात घेतली तर तांदळाच्या पिठासारखी. तेलाच्या त्या घाणीतून हे निघालं यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

जळगाव एमआयडीसी, रविवार

जळगावात प्लास्टिकच्या चटया आणि पिशव्या करणारे पुष्कळ. त्यातल्या एका छोट्या कारखान्याने रविवारची सुट्टी म्हणून आम्हाला यंत्र दिलं, आणि यंत्राबरोबर शकीलभाईंना. शकीलभाई कमी बोलतात. वितळलेलं प्लास्टिक यंत्राच्या तोंडातून फुग्यासारखं वर चढतं, तो फुगा चपटा करून पिशव्या कापायच्या. मऊपणासाठीचं मिश्रण सुजाताने आधीच भुकटीत कालवलं होतं.

पहिला फुगा वितीभर चढला आणि फुटला. उग्र वास सुटला.

"मॅडम, जळतंय हे," शकीलभाई म्हणाले.

दुसराही फुटला. सुजाताने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. शकीलभाईंनी तुटलेला तुकडा उचलला, बोटांत चोळला, वास घेतला. "याला आपल्या नेहमीच्या मालासारखं तापवून चालत नाही. नाजूक आहे. हळू घ्यायला पाहिजे." त्यांनी आच कमी केली, वेग कमी केला आणि आम्हाला मागे सरायला सांगितलं.

तिसरा फुगा चढला. वीत, हात, माणूसभर. दुधी रंगाचा, थरथरणारा, वर वर जाऊन पार वरच्या रुळापर्यंत पोचला आणि पुन्हा खाली येऊ लागला. शकीलभाईंनी पहिली पिशवी कापून सुजाताच्या हातात दिली. तिने ती चुरगाळली, ओढली, बोट घालून ताणली. तडकली नाही. ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. "आता काय झालं?" म्हणून मी ओरडले, आणि मीही रडले. शकीलभाई बिचारे दुसरीकडे बघत पुढच्या पिशव्या कापत राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांचा ढीग माझ्या कमरेइतका झाला.

रावेर, सोमवार

भुसावळ, फैजपूर, सावदा करत रावेरला पोचलो तेव्हा अक्का बागेतच होत्या. सातपुडा मागे निळसर उभा आणि त्याच्यापर्यंत केळीच केळी. रस्त्याने घडांनी भरलेले ट्रॅक्टर.

अक्का सत्तरीच्या, उंच, आवाज खणखणीत. त्यांनी नमस्कार वगैरे झाल्यावर पिशवी घेतली, दोन मुठींत धरली आणि कपडा पिळतात तशी पिळली. मग सोडून पाहिली. मग शिडी मागवली आणि स्वतः चढल्या.

"अक्का, बाकीच्यांना चढू द्या," कोणी म्हणालं.

"मागल्या वर्षी बाकीचेच चढले होते," अक्का वरून म्हणाल्या.

त्यांनी पिशवी घडावर सरकवली, वर बांधली. सातपुड्याकडून वारा येतच होता. पिशवी फुगली, फडफडली, घडाला बिलगली. आम्ही सगळे माना वर करून. अक्का शिडीवरच थांबल्या, पुन्हा दोनदा ओढून पाहिलं आणि खाली उतरल्या.

"किती आणल्या?"

"तुम्ही शंभर म्हटल्या होत्या," सुजाता म्हणाली. "पण जास्त झाल्यात. खूप जास्त." आणि तिने आबांकडे बघितलं.

"मग सगळी ओळ घ्या. पलीकडचीही," अक्कांनी बायकांना सांगितलं. "एक अट झाली. दुसरी राहिली."

त्या दिवशी दुपारपर्यंत दोन ओळी पांढऱ्या झाल्या. मीही तीन पिशव्या चढवल्या. तिसरीला शिडी घसरली आणि मी केळीच्या बुंध्याला मिठी मारून वाचले. केळीचा चीक साडीवरून निघत नाही हे मला आधीपासून माहीत होतं, पण ही साडी आधीच धुळ्याची झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी परतले. मे महिन्यात घड उतरले. एकही पिशवी फाटली नव्हती, घडही डागाशिवाय निघाले. मग सुजाताने त्या सगळ्या पिशव्या अक्कांच्या शेतातल्या शेणखताच्या खड्ड्यात पुरल्या. तिथून पुढे नुसती वाट बघणं होतं.

परवा भर पावसात फोन आला. अक्कांच्या शेतावरून, आणि फोनवर आबा होते. तिथे सगळे जमले होते. अक्कांनी आबांच्याच हातात फावडं दिलं होतं. सकाळपासून त्यांनी खड्डा तळापर्यंत उकरला, टोपली टोपली खत हाताने चाळलं. मला मागून सगळ्यांचा गलका ऐकू येत होता, सुजाता हसतेय की रडतेय कळत नव्हतं. अक्का कोणाला तरी पुढच्या वर्षी सगळ्या गटाला हीच पिशवी म्हणून बजावत होत्या.

"आबा, काय निघालं? सांगा ना!" मी ओरडले.

"काहीच नही, बाई!" आबाही तितक्याच मोठ्याने ओरडले. "बठ्ठा खड्डा देखा. एक तुकडा बी सापडना नही!"

मी फोन ठेवला आणि तशीच ओसरीवर जाऊन पलीकडच्या शेजारणीला हाका मारल्या. ती छत्री घेऊन धावत आली, कोणाला काय झालं म्हणून. मी तिला मिठी मारून सांगितलं, "अगं, आमचं काहीच सापडलं नाही!"